रोबोटचे ते तीन नियम खरे नाहीत भाऊ

परवा कपाशीवर फवारणीचा ड्रोन आला तं पारावर लगेच जुनीच गोष्ट सुरू, म्हणे मशीन माणसाला इजा करूच शकत नाही, आतमधी तीन नियम भरलेले असतात. कायचे नियम बावा! ते आयझॅक असिमोव या विज्ञानकथा लेखकानं १९४२ च्या 'रनअराउंड' कथेत मांडले, कोणत्या कारखान्यात नाही. आणि खरी गंमत सांगू का, त्या कथेत नियमच अडकतात. बुध ग्रहावर रोबोटला एका तळ्यातून सेलेनियम नावाचं मूलद्रव्य आणायला धाडते, पण तिथं त्याच्या जिवाला धोका, मंग हुकूम पाळू का स्वतःले वाचवू, दोन्ही नियमच, दोन्हीकडून सारखाच ओढा, म्हणून तो त्या तळ्याभोवती नुसता गोलगोल फिरत राहते, घाण्याच्या बैलावानी. शेवटी माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालते तेव्हा माणसाला वाचवायचा पहिला नियम वरचढ ठरते आणि कुठं तो भानावर येते.