स्वयंचलित क्रीडाप्रक्षेपण (कोकण किनारा)

सामना चालू असताना कॅमेरा कुठे वळवायचा, किती जवळ न्यायचा, धावफलक कधी बदलायचा आणि कोणता क्षण पुन्हा दाखवायचा, हे निर्णय कॅमेरामन व दिग्दर्शकाऐवजी संगणकाने घेण्याची पद्धत म्हणजे स्वयंचलित क्रीडाप्रक्षेपण. मोठ्या स्पर्धांना तिची फारशी निकड नव्हती. त्यांच्याकडे माणसेही होती आणि पैसाही. शाळा, छोटे क्लब आणि खालच्या फळीच्या लीग यांना परवडावे म्हणून हे तंत्र वाढले. इस्राएलची पिक्सेलॉट (स्थापना २०१३) आणि डेन्मार्कची व्हिओ (२०१५) या त्यातल्या ठळक कंपन्या. कोकणात त्याचा संबंध येतो तो टेनिस चेंडूच्या क्रिकेटशी आणि मातीवरच्या कबड्डीशी. वाडीतल्या मंडळाचे सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात आणि डोंबिवली-विरारचे चाकरमानी ते आवर्जून बघतात.

या यंत्रणेतला कॅमेरा मुळात हलतच नाही. उंच खांबावर दोन किंवा अधिक भिंगे बसवतात. त्यांची चित्रे कडेला एकमेकांवर थोडी चढतात. ती जोडून अख्ख्या मैदानाचे एक रुंद चित्र तयार होते. मग संगणक खेळाडू व चेंडू ओळखतो, खेळ कुठे सरकतो आहे याचा अंदाज बांधतो आणि रुंद चित्रातला तेवढाच चौकोन कापून प्रेक्षकाला दाखवतो. बघणाऱ्याला वाटते की कोणीतरी कॅमेरा फिरवतो आहे. सामन्याआधी मैदानाचे कोपरे पडद्यावर खुणा करून द्यावे लागतात, म्हणजे रेषेबाहेरच्या हालचालींकडे यंत्र दुर्लक्ष करते.

ही पद्धत फुटबॉल, बास्केटबॉल अशा खेळांवर पोसली गेली आहे. क्रिकेटला ती तितकी मानवत नाही, आणि कारण साध्या हिशोबात दिसते. अर्धवर्तुळाकार दृश्य ७,००० पिक्सेलांत मावले आहे असे धरले, तर ६० मीटरवरचा २२ सेंटिमीटर व्यासाचा फुटबॉल साधारण ८ पिक्सेल जागा घेतो. जेमतेम ७ सेंटिमीटरचा टेनिस चेंडू ३ पिक्सेलांत संपतो. त्यातून रात्रीचे सामने. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुक टाळायला शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवतात. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू १/५० सेकंदात अर्ध्या मीटरहून जास्त अंतर कापतो, म्हणजे चित्रात चेंडू उरत नाही, फिकट रेघ उरते. फुटबॉलमध्येही यंत्र फसतेच. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसल आणि एअर युनायटेड यांच्या सामन्यात स्वयंचलित कॅमेरा चेंडू सोडून पुन्हा पुन्हा रेषापंचाच्या टकलावर जात राहिला. जगभर हसे झाले, पण दोष समजण्याजोगा होता: गोल, फिकट आणि चकचकीत वस्तू यंत्राने शोधली.

कोकणातले मैदान तर यंत्राची सगळी गृहीतके मोडते. भातकापणी झाली की एखाद-दुसरा बांध सपाट करून मळ्यात खेळपट्टी तयार होते, नाहीतर कातळाच्या सड्यावर खेळतात. हद्द फक्कीची, आणि सामना रंगला की प्रेक्षक तीवर येऊन उभे राहतात. कॅमेऱ्यासाठी पक्का खांब नसतो. बांबूचे मचाण असते आणि त्यावर चढलेल्या माणसागणिक ते हलते. आधी दिलेल्या खुणा त्यामुळे सामन्याच्या मध्यावरच चुकीच्या ठरू शकतात. हिवाळ्यात रात्री भिंगावर दव धरते, आणि समुद्राजवळ खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात त्या वेगळ्याच.

म्हणून इथे स्वयंचलितपणा खऱ्या अर्थाने रुळला तो धावफलकात. अहमदाबादच्या क्रिकहीरोजसारख्या ॲपवर गुणलेखक प्रत्येक चेंडूची नोंद मोबाईलवर करतो. त्याने ‘चार’ दाबले की फलंदाजाच्या धावा, षटक, धावगती सगळे आपोआप बदलते, आणि ओबीएससारख्या थेट प्रक्षेपणाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून ती पट्टी चित्राच्या तळाशी चढते. पूर्वी एक माणूस केवळ हे आकडे टंकत बसायचा. कॅमेरा मात्र बहुतेक ठिकाणी माणसाच्याच हाती आहे, आणि तो तसाच असावा. क्रिकेटमध्ये चेंडू कुठून निघणार हे ठरलेले असते. सरावलेला हात फलंदाजाच्या बॅटवरूनच दिशा ओळखतो. समालोचकाचे तर विचारूच नका. पुढच्या षटकारावर कोणी किती बक्षीस लावले, हे खेळता खेळता सांगणे ही त्याची निम्मी कामगिरी असते.

कबड्डीचे गणित उलट आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, चढाई ३० सेकंदांची, चेंडू नाहीच. एका रुंद भिंगात सगळे मावते आणि चढाईपटूमागे चौकोन सरकवणे यंत्राला जड जात नाही. अडचण येते ती पकड झाल्यावर. सात जणांच्या ढिगाऱ्यात हात मध्यरेषेला टेकला का, हे वरच्या कोनातून दिसत नाही. त्याला रेषेच्या पातळीवरचा दुसरा कॅमेरा लागतो. रायगडसारख्या कबड्डीवेड्या जिल्ह्यात हे तंत्र आधी शोभेल ते याच खेळाला.

ठळक क्षण आपोआप निवडणारी यंत्रणा वेगळी. २०१७ च्या विम्बल्डनमध्ये आयबीएमने प्रेक्षकांचा गलका आणि खेळाडूंचे हावभाव यांवरून असे क्षण वेचून दाखवले. आपल्याकडे दोन षटकांच्या मध्येही बँजो वाजतो, त्यामुळे निव्वळ आवाजावर विसंबलेले यंत्र पाणी पिण्याची विश्रांतीही ठळक क्षणांत धरील. गुणलेखकाच्या नोंदीवरून चौकार, षटकार, बळी कापून घेणे हा त्याहून भरवशाचा मार्ग.

सगळ्यात कच्चा दुवा इंटरनेटच्या जाळ्याचा. नीट दिसणाऱ्या प्रक्षेपणाला वर चढवण्याचा वेग सेकंदाला किमान पाचेक मेगाबिट तरी सतत लागतो. साखळी सामन्यांत तो मिळतो. अंतिम सामन्याला शेकडो मोबाईल एकाच टॉवरवर आले की चित्र अडखळू लागते. उपाय म्हणून दोन कंपन्यांची सिमकार्डे एकत्र जोडतात, किंवा जवळच्या घरातून फायबरची तार ओढतात. एवढे करूनही यूट्यूबवर चित्र काही सेकंद उशिराच पोहोचते, आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर बळी आधी पडतो.

किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतींसाठी खांबावरचा कॅमेरा निरुपयोगी. तिथे पाठलाग करणारा ड्रोन चालतो. मात्र ड्रोन नियम, २०२१ नुसार विमानतळाजवळच्या नियंत्रित पट्ट्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या आसपासच्या गावांना हे ध्यानात ठेवावे लागते.