डायलचा जुना फोन: पॉलिश करण्याआधी एवढं बघा

वाडा उतरवताना, माळा साफ करताना किंवा जुन्या बाजारात मिळालेला डायलचा फोन घेऊन आपण कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपला येता, तेव्हा बहुतेकांची पहिली मागणी एकच असते: चकचकीत करून द्या. आमची विनंती अशी, की फोन कुठला, कधीचा आणि त्याचे भाग मूळचेच आहेत का, हे आधी ओळखू. पॉलिश नंतर करता येतं. एकदा पुसलेली खूण मात्र परत येत नाही.

सुरुवात डायलपासून करा. आकडे भोकांच्या आत, बोटाखाली येतात की चकतीच्या बाहेर आहेत? आतले आकडे सहसा जुन्या घडणीचे. अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1950 च्या सुमारास 500 हे मॉडेल आणलं, त्यात आकडे बाहेर गेले. पण मग बोट नेमकं कुठे घालायचं ते लोकांना पटकन दिसेना, नंबर फिरवायला वेळ लागू लागला, म्हणून प्रत्येक भोकाखाली पांढरा ठिपका दिला गेला. डायलवर इंग्रजी अक्षरं असतील तर 'ओ' शोधा. तो 6 जवळ असला तर डायल अमेरिकन पद्धतीची, 0 जवळ असला तर ब्रिटिश. आपल्याकडच्या फोनवर बहुधा नुसते आकडेच असतात.

डायलच्या जागी कोरी चकती दिसली तर फोन मोडका समजून टाकून देऊ नका. ऑपरेटरला नंबर सांगून कॉल जोडून घ्यायच्या काळातला तो फोन आहे, त्याला डायल कधी नव्हतीच. अशा फोनला कुठलीतरी डायल बसवणं आम्हाला पटत नाही.

आता 0 फिरवून सोडा. डायल परत येताना सेकंदाला साधारण दहा खटके देते आणि 0 चे खटके दहा, म्हणजे परत यायला सेकंदभर किंवा थोडं जास्त लागायला हवं. रेंगाळत आली तर आतलं तेल वाळलंय, हे काम सरळ आहे. चकती फिरतच नसेल आणि भोकांत बटणं असतील, तर तो शोभेचा नवा फोन. पितळी, नक्षीदार असला तरी जुन्याची किंमत मोजू नका.

मग फोन उलटा करा. आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज), बेंगळुरू असं लिहिलेलं असेल तर फोन 1948 नंतरचाच, कारण कारखानाच त्या वर्षी सुरू झाला. 'पी अँड टी'चा (टपाल आणि तार खात्याचा) शिक्का 1985 पूर्वीचा काळ सांगतो, त्या वर्षी टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. एमटीएनएलचं नाव असेल तर फोन कोल्हापूरच्या लाइनवरचा नव्हे, ती कंपनी मुंबई आणि दिल्लीपुरतीच. आजोबांचा म्हणून जपलेल्या फोनवर ते नाव दिसलं, तर घरात मुंबईला कोण नोकरीला होतं ते विचारून बघा. खालचा कागदी लेबलाचा तुकडा ओल्या फडक्याने चोळू नका.

बॉडी बेकेलाइटची, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकची आहे का, हे आतल्या बाजूने कळतं. बेकेलाइट जड, हाताला गार आणि गडद रंगाचं असतं. बाहेरून लाल किंवा हस्तिदंती आणि आतून काळं दिसलं, तर वरून रंग मारलाय. बेकेलाइटला पॉलिश पेपर अजिबात लावू नका. त्यात लाकडाचा भुसा भरलेला असतो. वरचा राळेचा गुळगुळीत थर घासला गेला की भुसा उघडा पडतो, पाणी पितो, आणि काळ्या फोनला तपकिरी डाग येतात. ते आम्हालाही काढता येत नाहीत.

वेगवेगळ्या फोनचे भाग जोडून केलेले फोन बाजारात बरेच. कापडी विणीची सरळ वायर जुन्या फोनची, गुंडाळीची प्लास्टिक वायर नंतरची. जुन्या बॉडीला नवी वायर असणं गैर नाही, दुरुस्तीत बदललेली असू शकते, पण किंमत ठरवताना ते धरा.

फोन आणताना वायर कापू नका, निघालेला स्क्रूसुद्धा पुडीत बांधून आणा. चालू लाइनला स्वतः जोडू नका, रिंग येताना तारेत 75 व्होल्टच्या आसपास दाब असतो. घरी फायबरची लाइन असेल तर येताना मोडेमचं मॉडेल लिहून आणा. काही मोडेमना डायलचे खटके समजत नाहीत. अशा वेळी कॉल घेता येतो, पण लावायला मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो, आणि तो फोनला भोक न पाडता बाहेरच बसतो.