काजू सॉर्ट करायचे तर लहान-मोठं कोण ठरवणार?

गोव्यात काजूच्या दुकानात गेलात तर पाकिटांवर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं काहीतरी लिहिलेलं दिसतं, हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो, त्यामुळे आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. आता समजा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या पोराने म्हापशाच्या दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि मालाची यादी सॉर्ट करायची, म्हणजे क्रमाने लावायची वेळ आली. सॉर्टचं फंक्शन लायब्ररीत तयारच असतं आणि ते जेनेरिक असतं, म्हणजे आकडे द्या, नावं द्या, तारखा द्या, कशाचीही यादी चालते.

कशाचीही? गोम इथेच आहे. सॉर्ट करायला दोन वस्तूंतली लहान कुठली ते कळायला हवं, आणि या पोराचा 'काजू' नावाचा टाइप (माहितीचा प्रकार) म्हणजे ग्रेड, दर आणि वजन यांचं नुसतं गाठोडं.

जावा भाषेच्या जुन्या आवृत्त्यांत हा प्रोग्राम आरामात कंपाइल व्हायचा, कारण यादीत काय भरलंय हे कंपायलरला, म्हणजे लिहिलेला कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामला, माहीतच नसायचं, त्याच्या लेखी सगळं ऑब्जेक्ट. मग दुकानात गिऱ्हाईक समोर उभं आणि बटण दाबलं की क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे टाइप जुळत नाही म्हणून प्रोग्राम चालता चालता अडला! २००४ मध्ये जावा ५ सोबत जेनेरिक्स आले आणि अट घालायची सोयही आली, 'टी एक्स्टेंड्स कंपेरेबल', म्हणजे टी कुठलाही टाइप असू दे, पण आपली तुलना कशी करायची हे त्याने सांगितलेलं पाहिजे, नाहीतर प्रोग्राम तयारच होणार नाही. २००५ मध्ये सी शार्पमध्येही 'व्हेअर' लिहून असंच करता यायला लागलं. जावाची एक गंमत म्हणजे तपासून झालं की टाइपची ही माहिती पुसूनच टाकतात, प्रोग्राम चालताना काजूंची यादी आणि नावांची यादी एकाच क्लासची, त्यामुळे जे काय पकडायचं ते कंपाइल करतानाच पकडायचं.

सी प्लस प्लसवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे चूक कंपाइल करतानाच सापडायची पण अट लिहायला धड जागा नव्हती, त्यामुळे कंपायलर सॉर्टच्या पोटात शिरायचा, तिथे अडायचा आणि स्क्रीनभर एरर ओकायचा ज्यात 'काजूची तुलना करता येत नाही' हे साधं वाक्य शोधूनही सापडायचं नाही. यावर कन्सेप्ट्स नावाचा, अट लिहू देणारा उपाय येणार होता, २००९ मध्ये भाषेचं मानक ठरवणाऱ्या कमिटीने तो मसुद्यातून काढून टाकला आणि शेवटी आला तो सी प्लस प्लस २० मध्ये, म्हणजे २०२० च्या आवृत्तीत. गो भाषेत तर जेनेरिक्सच २०२२ मध्ये आले. आणि संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव यांच्या क्लू भाषेत अशी अट १९७० च्या दशकातच घालता येत होती, आता बोला.

पण अट घातली म्हणून निर्धास्त राहू नका. तुलनेची मेथड आहे की नाही एवढंच कंपायलर बघतो, ती बरोबर आहे का हे नाही. पोराने ग्रेडच्या आकड्यावरून तुलना लिहिली आणि 'मोठे आधी' मागितलं तर डब्ल्यू ३२० वर आणि डब्ल्यू १८० खाली, कंपायलर गप्प. हे टेस्ट लिहूनच सापडणार.

रस्ट भाषा मात्र यात जरा जास्तच काटेकोर आहे, मला तरी ते आवडतं. दर एफ६४ मध्ये, म्हणजे दशांशात ठेवले आणि साधं सॉर्ट मागितलं तर ती सरळ नाही म्हणते, कारण दशांश आकड्यांत 'नॅन' नावाची एक किंमत असते, शून्याला शून्याने भागल्यावर मिळते ती, आणि नॅन ना कुणापेक्षा लहान, ना मोठी, ना स्वतःच्या बरोबरीची. सॉर्टची अट आहे 'ऑर्ड', म्हणजे कुठल्याही दोन किमतींत क्रम लागलाच पाहिजे, आणि एफ६४ त्यात बसत नाही. टोटल_सीएमपी हे नॅनलाही क्रमात बसवणारं तुलनेचं फंक्शन वापरून मार्ग निघतो, पण दुकानाचे हिशेब असतील तर दर पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावेत, मग सॉर्ट निमूट चालतं.