सही असलेली पहिली आवृत्ती आणि नाशिकचा जुना वाद

नाशिकमध्ये जुनी इतिहासाची आणि चरित्रांची पुस्तकं जमवणारे चार लोक एकत्र आले की गाडी हटकून एकाच मुद्द्यावर येते, भगूरच्या वि. दा. सावरकरांच्या 1857 वरच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती नक्की कुठली धरायची?

शहरात सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे, त्यामुळे पुस्तकं जपायची सवय जुनीच. पण दुर्मिळ हा शब्द इथे खरा चिकटला तो 1907 नंतर. त्या वर्षी सावरकरांनीच लिहिलेलं, इटलीच्या क्रांतिकारक मॅझिनीचं मराठी चरित्र आलं. लेखक लंडनला, पुस्तक काढलं नाशिकच्या थोरल्या भावाने, 2000 प्रतींची आवृत्ती, आणि ती भराभर खपली. पुढे डिसेंबर 1909 मध्ये विजयानंद थिएटरात कलेक्टरचा खून झाला, घरोघर झडत्या सुरू झाल्या, तेव्हा असलं पुस्तक घरात सापडणं म्हणजे आफतच. आज प्रत मिळत नाही ती त्यामुळे, किंमत पाहून कुणी दडवून ठेवलंय म्हणून नाही.

आता 1857 वाला ग्रंथ. लिहिला मराठीत, पण मराठी छपाई ना इथे जमली ना युरोपात, मग इंग्रजी भाषांतर करून 1909 मध्ये हॉलंडमध्ये छापलं, आतमध्ये लेखकाचं नावही नाही, फक्त ‘एक भारतीय राष्ट्रवादी’ अशा अर्थाचं काहीतरी, आणि सरकारने छापून यायच्या आधीच बंदी घातली. ती उठली थेट 1946 ला. मूळ मराठी हस्तलिखित तर स्वातंत्र्यानंतर परत आलं. एका गटाचं म्हणणं, जे आधी छापलं ते पहिलं, विषय संपला. दुसऱ्या गटाला इंग्रजी म्हणजे भाषांतर, मूळ हस्तलिखितावरून छापलेली मराठी आवृत्ती हीच खरी पहिली. मला पहिल्यांचं पटतं, कारण दुसऱ्यांचा हिशोब लावला तर गुप्तपणे छापलेल्या सगळ्या आवृत्त्या बाद होतात, आणि संग्राहकाला हव्या असतात त्या नेमक्या त्याच.

सहीचा घोळ याहून मोठा. लेखकाला मार्च 1910 मध्ये लंडनला पकडलं, मग अंदमान, मग 1937 पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्धता. म्हणजे 1909 च्या प्रतीवर सही असेलच तर बहुतेक करून कित्येक वर्षांनी केलेली. तारीख 1909 ची दाखवत कोणी विकायला आला तर आधी शाई बघा, नंतर पैसे काढा. 1946 नंतरच्या प्रतींवर मात्र ‘सप्रेम भेट’ आणि खाली तारीख असं सापडू शकतं, त्यात संशय कमी.

बाकी अलीकडे बाजार बदललाय. रद्दीवाल्याकडे उकरून काढण्यापेक्षा व्हॉट्सअपवर फोटो टाकून विक्री चालते, आणि फोटोत कव्हर दाखवतात, शीर्षकपानाची मागची बाजू दाखवत नाहीत, जिथे आवृत्तीची माहिती असते. बाइंडरने पानं कापून नवं कव्हर घातलेलं असेल तर तेही फोटोत कळत नाही. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत लोक नाकारतात, मला उलट ती बरी वाटते, दाखलनोंद आणि तारीख आयती मिळते, फक्त ती रद्द केल्याचा शिक्काही हवा, नाहीतर चोरीची निघायची. 2005 आणि 2021 च्या इथल्या साहित्य संमेलनांत रांगा लावून सह्या घेतलेली चरित्रं आता ‘दुर्मिळ’ म्हणून फिरतात. पहिल्या आवृत्तीच्या हजारेक प्रती असतात हो, आणि निम्म्यांवर सही.