कृतीदेवची पीडीएफ आणि युनिकोडची पीडीएफ

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. तो स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, हे आता बहुतेक शिक्षकांना ठाऊक आहे. म्हणून नागपुरात बर्डीवरच्या डीटीपीवाल्याकडून नोट्स टाइप करून आणतात, कर्सरने ओळ निवडली जाते एवढं पाहतात आणि 'अंध विद्यार्थ्यांनाही चालेल' म्हणत वर्गाच्या ग्रुपवर टाकतात. नाही चालत. नोट्स कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात.

कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, फरक फाईलच्या आत आहे. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-संकेतात 'म' हा 'म' म्हणूनच साठवला जातो. कृतीदेवमध्ये साठतं इंग्रजी अक्षर, वर फक्त मराठी अक्षराचं सोंग. 'मराठी' टाइप केलं की फाईलमध्ये जातं ई, जे, के, कॅपिटल बी, एच. कॉम्प्युटरवरचा एनव्हीडीए किंवा मोबाइलवरचा टॉकबॅक, कुठलाही स्क्रीन रीडर साठवलेलंच वाचणार, त्यामुळे मुलाच्या कानावर पडतो निव्वळ कचरा. ब्रेल डिस्प्लेवर तेच, आणि फाईलमध्ये शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टचीही हीच रड.

ओळखायचं कसं? एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरं दिसली तर कृतीदेवसारखा फॉन्ट. वर्डमध्ये नको, तिथे फॉन्टही सोबत येऊ शकतो आणि सगळं ठीक दिसतं.

फॉन्ट बदलून मंगल (हा युनिकोड फॉन्ट) केला की युनिकोड झालं, ही समजूत तर फारच चिवट आहे. तसं केलं की सोंग उतरतं, इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, बस. मजकूर कन्व्हर्टरमधूनच, म्हणजे कृतीदेवचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्रॅममधूनच काढावा लागतो. कृतीदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो; युनिकोडमध्ये क्रम बरोबर उलटा. म्हणून 'आर्थिक'सारखे शब्द आधी तपासा. हिंदीसाठी बनवलेला कन्व्हर्टर असेल तर 'शेतकऱ्यांना'ही बघा. इंग्रजी शब्द आणि रासायनिक सूत्रं बाजूला काढून ठेवा, नाहीतर त्यांचंही भजं होतं.

मग वर्डमध्ये शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या (नुसतं बोल्ड नको) आणि 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा. 'प्रिंट टू पीडीएफ'ने टॅग, म्हणजे शीर्षक कुठलं हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या आतल्या खुणा, गळतात. युनिकोड असूनही पीडीएफमध्ये जोडाक्षरं कधीकधी फुटतात, त्यामुळे मूळ वर्ड फाईल सोबत द्याच. खरं तर तीच आधी द्यावी.

'भाऊ, बोटांना कृतीदेवचीच सवय आहे' हे डीटीपीवाल्याचं कारण ऐकून घेऊ नका. युनिकोडसाठीही रेमिंग्टन कीबोर्ड (कृतीदेवसारखीच टाइपरायटरची मांडणी) मिळतो, बोटं तीच चालतात. काम देतानाच सांगा: युनिकोडमध्ये हवं, आणि वर्ड फाईल हवी.