चिकट मुठी आणि अंगावरचे पुरळ : धार लावण्यासाठी अवजारे देणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे येणाऱ्या कोयत्यांची आणि छाटणीच्या कात्र्यांची पाती बहुधा पुसून लख्ख केलेली असतात, मुठींवर मात्र काळा चिकट थर तसाच असतो. हा थर तोडलेल्या झाडांच्या चिकाचा असतो आणि काही झाडांच्या चिकाने अंगावर पुरळ उठते. अशी अवजारे आम्ही बाजूला ठेवतो, आधी मुठी धुतो आणि मगच धारेच्या चाकाला लावतो. त्यामुळे काम एक दिवस लांबते आणि धार लावायला इतका वेळ कशाला, असे आम्हाला वारंवार विचारले जाते.

बिब्ब्याचा रस, काजूच्या टरफलातील तेल, आंब्याचा चीक आणि उत्तर अमेरिकेतील पॉयझन आयव्ही या वेलीचे तेल ही सारी एकाच कुळातील वनस्पतींची देणगी आहे. त्यांतील तेलकट द्रव्ये काही मिनिटांतच त्वचेत शिरतात, परंतु त्रास देते ती त्यांच्याविरुद्ध उठणारी शरीराची ॲलर्जी. पूर्वी ॲलर्जी जडलेल्या माणसाला साधारण एक-दोन दिवसांत पुरळ उठते. पहिल्याच खेपेला मात्र एक ते तीन आठवडे लागू शकतात आणि तोवर कोणते झाड तोडले होते हेही विसरलेले असते.

पुरळ फोडांतील पाण्याने पसरते, हा समज चुकीचा आहे. त्या पाण्यात झाडाचे तेल नसते आणि पुरळ एकाचे दुसऱ्याला लागत नाही. जेथे तेल जास्त लागले किंवा कातडी पातळ आहे तेथे ते आधी उठते, इतरत्र उशिरा, म्हणून ते पसरल्यासारखे दिसते. आठवडा उलटूनही नव्या जागी उठत असेल, तर मूठ, हातमोजे, बुटाची नाडी किंवा कुत्र्याची लव यांपैकी कशावर तरी तेल राहिले आहे का, ते पाहावे. वाळल्याने हे तेल निकामी होत नाही. धोबी बिब्ब्याने कपड्यावर खूण घालत, ती धुऊनही टिकते आणि नेमके त्या खुणेखालीच पुरळ उठल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चिकाळलेले अवजार वंगणाच्या फडक्याने पुसणे. चीक तेलात विरघळतो. त्यामुळे जो पात्याच्या टोकाशी होता तो मुठीपर्यंत जातो, फडक्यात मुरतो आणि पुढच्या वेळी स्वच्छ अवजारालाही लागतो. नुसत्या पाण्यानेही तो निघत नाही. जाड व्हिनाइलचे (प्लास्टिकचे) हातमोजे घालून, भांड्यांच्या साबणाने मूठ, स्प्रिंग आणि खिळ्याभोवतीची फट घासावी, भरपूर पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि मगच नव्या फडक्याने वंगण द्यावे. त्वचेला चीक लागल्यास पहिल्या दहा मिनिटांत, नखांखालीही, साबणाने धुवावे. उशीर झाला तरी धुणे टाळू नये. तोडलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धुरातून हेच तेल श्वासनलिकेत जाते.

गाजर गवताची गोष्ट वेगळी आहे. त्याची वाळलेली धूळ उडून पापण्या आणि मान सुजते, त्यामुळे मूठ धुण्याने काम भागत नाही. ते फुलण्याआधी, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून उपटावे. खाजकुइलीची लव मात्र लगेच खाजते. ती चोळू नये, चिकटपट्टीने उचलावी.

धुण्याचा आग्रह काहींना अतिरेक वाटतो. परंतु चाकावर वाळलेल्या चिकाची धूळ थेट कारागिराच्या तोंडावर उडते, आणि एका कारागिराचे हात त्यामुळे तीन आठवडे कामातून गेल्यावर आम्ही हा नियम केला. भेगाळलेली लाकडी मूठ कितीही घासली तरी चीक धरून ठेवते. अशा मुठीच्या जागी गुळगुळीत, सलग मूठ आम्ही धार लावतानाच बसवून देतो. मूठ धुऊन आणल्यास अवजार त्याच दिवशी मिळेल.

चेहरा किंवा डोळे सुजल्यास, अथवा श्वास घेण्यास त्रास झाल्यास, विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. अवजार देताना कोणते झाड तोडले ते चिठ्ठीवर लिहावे. ओळखता आले नसेल तर तसेच लिहावे, म्हणजे आम्ही हातमोजे घालूनच पिशवी उघडू.