फ्रिजिड

फ्रिजिड हे हाडे गोठवणाऱ्या थंडीचे इंग्रजी विशेषण असून ते हवा, पाणी आणि प्रदेश यांच्याप्रमाणेच माणसाच्या वागण्यालाही लावले जाते. साध्या गारव्यासाठी ते वापरत नाहीत.

शब्दाचे मूळ ‘फ्रिगिडुस’ या लॅटिन विशेषणात आहे. ‘फ्रिगुस’ म्हणजे थंडी. ग्रीक भाषेतील ‘ऱ्हिगोस’, म्हणजे कडाका, हा त्याचा सगोत्र शब्द होय. मूळ इंडो-युरोपीय भाषेत शब्दारंभी असलेल्या ‘स्र’चा लॅटिनमध्ये ‘फ्र’ झाला. फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांमधले थंडीचे रोजचे शब्द याच विशेषणापासून झाले. इंग्रजीजवळ मात्र ‘कोल्ड’ हा घरचा शब्द आधीपासूनच होता. त्यामुळे सतराव्या शतकात रुळलेल्या फ्रिजिडचे वळण पुस्तकीच राहिले. गंमत अशी, की लॅटिनमध्ये जवळजवळ सारखीच दिसणारी दोन क्रियापदे होती, एक थंड असण्याचे व दुसरे भाजण्याचे. पहिल्याच्या कुळात ‘फ्रिज’ येतो, तर दुसऱ्यापासून ‘फ्राय’ आला.

रोमन स्नानगृहातील थंड पाण्याच्या दालनास ‘फ्रिजिडेरियम’ म्हणत. भूगोलात सुमारे ६६½ अंश अक्षवृत्तापासून ध्रुवापर्यंतचा शीत कटिबंध म्हणजे ‘फ्रिजिड झोन’.

माणसाला लावलेल्या अर्थाचा प्रवास अधिक बोलका आहे. मध्ययुगीन चर्चच्या कायद्यात ‘फ्रिगिडुस’ म्हणजे शरीरसंबंधास असमर्थ असलेला पुरुष. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३४ साली जारी केलेल्या संहितेत अशा पुरुषांच्या विवाहाविषयी स्वतंत्र प्रकरणच आहे, कारण ही असमर्थता विवाह रद्दबातल ठरवण्याचे कारण होऊ शकत असे. पुढे हा शिक्का पुरुषावरून उतरला आणि विसाव्या शतकातील मनोविश्लेषकांच्या लेखनात तो जवळजवळ केवळ स्त्रियांवर बसला. वर्णनापेक्षा दोषारोपच त्यात अधिक होता, हे उघड आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली काढलेल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत कामेच्छेच्या अभावासाठी निराळी, तटस्थ संज्ञा आहे.

स्त्रीविषयी हा शब्द आज अपमानकारक मानला जातो. वागण्यातील तुटकपणाला मात्र तो अजूनही नेमका बसतो: समोरच्याने हात पुढे केल्यावर नुसती मान हलवून नजर वळवणे, हे ‘फ्रिजिड’ स्वागत.